भिंतीआडचे आकाश
(ह्वेईचौच्या जुन्या गावांचा एक अभ्यास)

द्वितीय वर्ष कला

चीन म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ती लांबच लांब भिंत उभी राहते, नाहीतर बीजिंगचा राजवाडा. पाठ्यपुस्तकांतही बहुधा हीच दोन चित्रे असतात. परंतु भिंत शत्रूसाठी होती आणि राजवाडा राजासाठी. मग रयत कोठे राहत होती? तिची घरे कशी होती? हा प्रश्न मला वर्गात पडला नाही. ग्रंथालयात दुसरेच पुस्तक शोधताना एक छायाचित्रांचे पुस्तक हाती आले, तेव्हा पडला. त्यातील एका पानावर पांढऱ्या भिंतींचे, काळ्या कौलांचे एक गाव होते आणि समोरच्या तळ्यात तेच गाव उलटे दिसत होते. खाली नाव होते होंगत्सुन. ते पान मी बराच वेळ उलटले नाही.

मी चीनला गेलेली नाही, हे आधीच सांगून टाकते. प्रस्तुत लेख वाचलेल्या मजकुरावर, पाहिलेल्या नकाशांवर आणि छायाचित्रांवर आधारलेला आहे. वाचकांना त्या गावांतून एकदा फिरवून आणावे, हा यामागचा हेतू. फिरता फिरता माझ्या मनात जो एक विचार घर करून बसला, तोही शेवटी मांडणार आहे.

डोंगरातला मुलूख

पूर्व चीनमध्ये आन्हुई नावाचा प्रांत आहे. त्याच्या दक्षिण टोकाला ह्वांगशान पर्वताच्या कुशीत पूर्वी ह्वेईचौ नावाचा एक परगणा होता. होंगत्सुन आणि तिच्या शेजारचे शीदी ही दोन्ही गावे या जुन्या ह्वेईचौमधील. २००० साली युनेस्कोने या दोन गावांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. त्या वेळच्या नोंदीप्रमाणे शीदीत १२४ आणि होंगत्सुनमध्ये १३७ जुनी घरे सुस्थितीत होती. त्यांतील बहुतेक मिंग (१३६८ ते १६४४) आणि छिंग (१६४४ ते १९१२) या दोन राजवटींच्या काळातील आहेत.

इतकी देखणी घरे ज्या मुलखात आहेत तो मुलूख सुपीक असेल असा आपला समज होतो. प्रत्यक्षात ते उलट आहे. ह्वेईचौत डोंगर फार आणि शेतजमीन थोडी. पिकेल ते सर्वांना पुरत नसे. म्हणून मुलगा तेराचौदा वर्षांचा झाला की त्याला बाहेरगावी एखाद्या नातलगाच्या दुकानात उमेदवारीला धाडायचे, अशी तिथली रीतच पडली. ही मुले पुढे मीठ, चहा, लाकूड आणि सावकारी या धंद्यांत शिरली. विशेषतः यांगचौ शहरात मिठाच्या सरकारी मक्त्यावर ह्वेईचौच्या व्यापाऱ्यांनी अमाप पैसा मिळवला. सतराव्या-अठराव्या शतकात चीनमधील बलाढ्य व्यापारी कोण, असे विचारले असते तर त्यांचेच नाव प्रथम घेतले गेले असते.

हा पैसा गावी परत आला. त्यातून घरे उभी राहिली, पूर्वजांची देवघरे, शाळा आणि पूल बांधले गेले. पण पैसा असला तरी वाटेल तेवढे मोठे घर बांधायला मोकळीक नव्हती. मिंग राजवटीच्या नियमाप्रमाणे सामान्य माणसाच्या घराच्या दर्शनी बाजूला तीनपेक्षा अधिक खण असता कामा नयेत, आणि रंगांवरही निर्बंध होते. व्यापारी कितीही श्रीमंत झाला तरी कायद्याच्या नजरेत तो सामान्यच. घर रुंद करता येत नाही, म्हणून त्याने आपली श्रीमंती तुळयांवर, दारावरच्या विटांवर आणि खिडक्यांच्या दगडी जाळ्यांवर कोरली. लाकूड, वीट आणि दगड या तिन्हींवरचे कोरीवकाम ही ह्वेईचौची ओळख ठरली, तिचे एक कारण हे बंधन होय.

पाण्याभोवती वसलेले गाव

आता होंगत्सुनमध्ये शिरू. ह्वांगशान शहरापासून मोटारीने तासा-दीड तासाचा रस्ता आहे. गावाच्या तोंडाशीच दोन जुनी, डेरेदार झाडे आहेत. त्यांतील एक गिंकोचे आहे. लग्नाची मिरवणूक एका झाडाला फेरी घालून जात असे आणि अंत्ययात्रा दुसऱ्याला, असे सांगतात.

वांग घराण्याने हे गाव ११३१ साली वसवले. परंतु गावाला आज आहे तो आकार आला पंधराव्या शतकाच्या आरंभी. गावापाशी वाहणाऱ्या ओढ्याला बांध घालून त्याचे पाणी एका अरुंद पाटाने गावात घेतले गेले. हा पाट गल्लीगल्लीतून, घराघरासमोरून वळणे घेत जातो. मध्यभागी एका अर्धवर्तुळाकृती तळ्यात थांबतो आणि तिथून पुढे गावाच्या दक्षिणेला मोठ्या तलावात उतरतो. हा तलाव १६०७ मध्ये खोदून पूर्ण झाला. गावकरी आपल्या गावाची तुलना बसलेल्या बैलाशी करतात. मागची टेकडी हे त्याचे डोके, घरे हे धड, पाट म्हणजे आतडे, अर्धचंद्र तळे म्हणजे जठर आणि दक्षिणेचा तलाव म्हणजे पोट. कल्पना मजेची वाटली तरी तिच्यामागे व्यवहार आहे. प्यायला पाणी, धुण्याला पाणी, आग लागली तर विझवायला पाणी, उन्हाळ्यात गारवा आणि शेवटी उरलेले शेताला. सकाळी ठराविक वेळेपर्यंत फक्त पिण्याचे पाणी भरायचे, धुणीभांडी त्यानंतर, असाही दंडक होता म्हणतात.

या योजनेत एक नाव येते, आणि मला ते फार महत्त्वाचे वाटते. ते नाव हू चोंग. ती वांग घराण्यातील एका कर्त्या पुरुषाची पत्नी. नवरा नोकरीनिमित्त दूर होता. त्याच्या गैरहजेरीत तिने भूमिलक्षण जाणणाऱ्याला बोलावून घेतले, जागा पाहवून घेतली आणि कामाची देखरेख केली, असे गावाचा इतिहास सांगतो. मधले तळे पूर्ण गोल न करता अर्धेच ठेवावे हा आग्रहही तिचाच होता, अशी कथा आहे. पूर्ण चंद्र उद्यापासून घटू लागतो, अर्धा चंद्र अजून वाढायचा असतो, असे तिचे म्हणणे होते. कथा खरी असो वा नसो, पाच-सहाशे वर्षे एक गाव एका स्त्रीच्या नावाने आपल्या पाण्याची गोष्ट सांगत आहे, ही गोष्ट काही लहान नव्हे.

दाराच्या आत

बाहेरून पाहिले तर ह्वेईचौचे घर जवळजवळ आंधळे दिसते. उंच पांढरी भिंत आणि वर कोठेतरी हातभर खिडकी. नजर ठरते ती फक्त दारावर, कारण सगळी नक्षी दाराभोवती. भिंतीचा वरचा काठ पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जातो आणि प्रत्येक पायरीचे टोक किंचित वर उचललेले असते. या आकारामुळे तिला ‘घोड्याच्या डोक्याची भिंत’ म्हणतात. ही भिंत शोभेसाठी जन्मली नाही. घरे लाकडी, गल्ल्या अरुंद. एका घराला आग लागली की अख्खी आळी जळून जाई. १५०० च्या सुमारास ह्वेईचौचा सुभेदार हे शिन याने पाच-पाच कुटुंबांचे गट पाडून त्यांच्यामध्ये छपरापेक्षा उंच भिंती बांधण्याचा हुकूम काढला. आगीला अडवणारी ती भिंत पुढे साऱ्या प्रदेशाचे भूषण झाली.

उंबरठा ओलांडला की समोर उजेड पडतो तो वरून. घराच्या मधोमध छपराला चौकोनी मोकळीक ठेवलेली असते. चिनी लोक तिला ‘त्येनचिंग’ म्हणतात, म्हणजे आकाशाची विहीर. आपल्या वाड्यातील चौक ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे लगेच ध्यानात येईल. मात्र आपल्या चौकात तुळशीवृंदावन मावते, मुले खेळतात. ही विहीर पुष्कळदा त्याहून अरुंद आणि खोल असते. घराला हवा आणि उजेड हिच्यातूनच मिळतो. चारही छपरांचा उतार आत असल्याने पावसाचे सारे पाणी याच चौकोनात पडते आणि खालच्या दगडी गटारातून निघून जाते. पाणी म्हणजे लक्ष्मी, ती दुसऱ्याच्या अंगणात जाता कामा नये, ही त्यामागची व्यापारी समजूत.

घराचा भार भिंतींवर नसतो. लाकडी खांब आणि तुळया एकमेकांत खाचांनी बसवलेल्या असतात. भिंत केवळ आडोशाला. त्यामुळे भिंत ढासळली तरी घर उभे राहते. होंगत्सुनमधील चेंगजी नावाचे घर एका मिठाच्या व्यापाऱ्याने १८५५ च्या सुमारास बांधले. त्याच्या दर्शनी तुळईवर मेजवानीला बसलेले अधिकारी आणि दिव्यांच्या सणात दंगा करणारी शंभर मुले कोरलेली आहेत. त्या घरात पत्ते-सोंगट्यांसारखा मा-चाँग खेळ खेळायला वेगळी खोली आहे आणि अफू ओढायलाही वेगळी. नक्षी पाहून डोळे दिपतात, पण ही दुसरी खोलीही विसरून चालणार नाही.

बैठकीच्या खोलीत समोरच्या भिंतीशी एक लांबट मेज असते. त्यावर मध्ये घड्याळ, एका बाजूला फुलदाणी आणि दुसऱ्या बाजूला आरसा. ह्वेईचौच्या घराघरांत ही मांडणी ठरलेली. चिनी भाषेत या तिन्ही वस्तूंच्या नावांचे उच्चार ‘जन्मभर शांती’ या अर्थाच्या शब्दांशी जुळतात. शांती कोणाला हवी होती? परमुलखात गेलेल्याला आणि त्याची वाट पाहणारीला. त्याच खोलीत अर्धगोल मेजांची एक जोडी असे. नवरा घरी असला की दोन्ही अर्धी एकत्र लावून पूर्ण गोल करायचे. तो बाहेरगावी असला की दोन भिंतींना दोन अर्धी. पाहुण्याला न विचारता कळावे, की या घरात सध्या पुरुषमाणूस नाही.

सगळ्याच चीनमध्ये अशी घरे नाहीत, हे येथे सांगितले पाहिजे. दक्षिणेकडील फूच्येन प्रांतात हाक्का आणि इतर लोकांनी मातीचे प्रचंड गोल वा चौकोनी वाडे बांधले. त्यांना थूलौ म्हणतात. अशा ४६ वाड्यांना २००८ साली युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. एकेका वाड्यात आठशेपर्यंत माणसे राहू शकत. तेथे प्रत्येक कुटुंबाला तळापासून माथ्यापर्यंतचा एक उभा भाग मिळे: खाली स्वयंपाकघर, त्यावर धान्याची कोठी, वर निजायच्या खोल्या. बाहेर जाड भिंत आणि आत उघडे आकाश, हे सूत्र मात्र दोन्हीकडे सारखेच. तिथे सारे कूळ एकत्र राहून आपले रक्षण करी. ह्वेईचौत पुरुष दूर असत आणि रक्षण भिंतीवर सोपवलेले असे.

कमानी कोणाच्या?

शेजारच्या शीदी गावात हू घराणे अकराव्या शतकापासून राहते. गावाच्या दाराशी एक भव्य दगडी कमान आहे. हू वेनग्वांग या अधिकाऱ्याच्या सन्मानार्थ ती १५७८ मध्ये उभारली गेली. आत गेले की १६९१ साली बांधलेले एक घर लागते. त्याचा गल्लीकडचा कोपरा मुद्दाम मागे घेतला आहे, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला वळायला जागा मिळावी. एक पाऊल मागे घेण्याचा विचार करावा, अशा अर्थाची अक्षरे तिथे कोरली आहेत. स्वतःच्या मालकीची जागा गल्लीसाठी सोडणारा मालक आपल्या गावी किती जणांनी पाहिला असेल?

परंतु ह्वेईचौतील सर्वच कमानी अधिकाऱ्यांच्या नाहीत. थांगयुए गावात रस्त्यावर ओळीने सात कमानी उभ्या आहेत. त्या पाओ घराण्याच्या. राजनिष्ठा, मातृपितृभक्ती, दानधर्म यांसाठी त्या मिळाल्या, आणि त्यांतील दोन कमानी विधवांच्या आहेत. तिशीच्या आत वैधव्य आले आणि पन्नाशीपर्यंत पुनर्विवाह न करता सासरीच राहिली, तर सरकार त्या स्त्रीचा सन्मान करीत असे. नवरे परमुलखात, प्रवास धोक्याचा. तेव्हा अशा स्त्रिया ह्वेईचौत किती असतील याची कल्पना करता येते. त्याच गावात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्त्रियांसाठी वेगळे पूर्वजमंदिरही बांधले गेले. चीनमध्ये अशी मंदिरे फार थोडी आहेत.

त्या कमानींची छायाचित्रे पाहताना प्रथम मला अभिमान वाटला. दगडात बायकांची आठवण कोठे असते? मग वाटले, की हा गौरव आहे की किंमत? हातभर खिडकीच्या घरात वीस-पंचवीस वर्षे जी राहिली, तिला कोणी विचारले होते काय? हू चोंगने अख्ख्या गावाचे पाणी आखले, आणि तिच्याच मुलखातल्या दुसरीची थोरवी ठरली ती फक्त ‘राहिली’ म्हणून. दोन्ही गोष्टी एकाच ह्वेईचौच्या आहेत. एक सांगून दुसरी झाकणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभणार नाही.

टिकली कशी?

जुनी घरे जपली गेली ती लोकांच्या वारसाप्रेमामुळे, असे आपण सहज म्हणतो. येथे तसे घडलेले दिसत नाही. १८३० नंतर सरकारने मिठाच्या मक्त्याची पद्धत बदलली आणि यांगचौचे व्यापारी बुडाले. पाठोपाठ ताइपिंग बंडाच्या लढायांनी (१८५० ते १८६४) ह्वेईचौ होरपळला. त्यानंतर तिथे पैसा परतला नाही. घर पाडून नवे बांधण्याची ऐपतच उरली नाही, आणि डोंगरामुळे कारखाने व रुंद रस्तेही लवकर पोचले नाहीत. १९५० च्या सुमारास झालेल्या जमीनसुधारणेत मोठी घरे अनेक कुटुंबांत वाटली गेली. १९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत पुष्कळ कोरीवकाम छिन्नीने तासले गेले. काही ठिकाणी मात्र घरच्यांनीच नक्षीवर चिखल लिंपून किंवा घोषणांचे कागद चिकटवून ती वाचवली, असे सांगतात. म्हणजे श्रीमंतीने घरे बांधली आणि गरिबीने राखली.

पुढे पर्यटन आले. होंगत्सुनच्या तळ्याकाठी चित्रित झालेला आंग ली यांचा ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ हा चित्रपट २००० मध्ये जगभर गाजला, त्याच वर्षी युनेस्कोचा मान मिळाला आणि गावात माणसे मावेनाशी झाली. प्रवेशाला तिकीट लागते. १९९७ सालीच होंगत्सुनचे पर्यटन बाहेरच्या एका कंपनीला करारावर दिले गेले होते. त्यातून गावकऱ्यांना मिळणाऱ्या वाट्यावरून बरीच कुरबूर झाली. शीदीत मात्र सुरुवातीची अनेक वर्षे गावाचीच कंपनी हे काम पाहत होती. २०१२ पासून चीन सरकारने ‘पारंपरिक गावांची’ राष्ट्रीय यादी सुरू केली. पहिल्या खेपेस तीत ६४६ गावे होती. २०२३ पर्यंत ती ८१५५ झाली. यादी वाढली ही आनंदाची बाब आहे. पण तरुण माणसे शहरात कामाला गेली तर त्या गावांत राहणार कोण, हा प्रश्न यादीने सुटत नाही.

याचे टोकाचे उदाहरण एका घराचे आहे. ह्वेईचौतील एका खेड्यात ह्वांग नावाच्या व्यापारी घराण्याने १८०० च्या सुमारास यिन-यू-थांग हे सोळा निजखोल्यांचे घर बांधले. सुमारे आठ पिढ्या तिथे नांदल्या. १९८० नंतर ते रिकामे झाले. शेवटी ते खांब, विटा, कौलांसकट उतरवून जहाजाने अमेरिकेला नेले गेले आणि २००३ मध्ये सेलम शहरातील पीबडी एसेक्स संग्रहालयात पुन्हा उभे राहिले. आता तिथे त्याची उत्तम निगा राखली जाते. घर वाचले. पण त्याच्या आकाशाच्या विहिरीतून दिसते ते आकाश मॅसॅच्युसेट्सचे आहे.

मग जपायचे म्हणजे काय?

हा लेख लिहिताना मला सारखी माझी आजी आठवत होती. आमचे गाव कोकणात. आजोबा मुंबईला गिरणीत. वर्षातून गणपतीला आणि शिमग्याला येत. बाकीचे दहा-अकरा महिने घर, गुरे आणि चार मुले आजीने सांभाळली. मनिऑर्डर आली की अंगठा द्यायचा. ह्वेईचौच्या अर्धगोल मेजाविषयी वाचले तेव्हा मी सुट्टीत तिला ते सांगितले. ती म्हणाली, “आमच्याकडे मेज कुठलं गो? पण ओटीवरची आरामखुर्ची मी कधी वापरली नाही. ती त्यांची.”

ते घर येत्या उन्हाळ्यात पाडायचे ठरले आहे. मातीच्या भिंती पावसाळ्यात सुटतात, माजघरात दिवसाही दिवा लावावा लागतो. वडिलांना स्लॅबचे घर हवे आहे, आणि खरे सांगायचे तर मलाही अभ्यासाला खिडकी असलेली खोली हवी आहे. जुने घर पाहायला येणाऱ्याला ते सुंदर दिसते. पावसात पातेली मांडून बसणाऱ्याला ते तसे दिसत नाही. तेव्हा ‘जुने ते जपा’ असा उपदेश मी कोणाला करणार नाही. तो करण्याचा अधिकार तिकीट काढून येणाऱ्याला नाही, राहणाऱ्याला आहे.

पण पाडण्याआधी करण्यासारखे काही आहे. बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठातील चेन चीह्वा (१९२९ ते २०२२) हे प्राध्यापक. १९८९ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, ते आपल्या सहकाऱ्यांसह आणि विद्यार्थ्यांसह खेड्यांत हिंडू लागले. हातात फीत घेऊन घरे मोजायची, आराखडे काढायचे आणि म्हाताऱ्या माणसांजवळ बसून त्या घराची, कुळाची, शाळेची, बाजाराची हकिगत लिहून घ्यायची, हे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. घर एकटे पाहू नये, त्यातल्या जगण्यासकट पाहावे, ही त्यांची शिकवण. काही गावे त्यामुळे वाचली. जी वाचली नाहीत, त्यांचे निदान माप तरी कागदावर राहिले.

आपल्या वर्गात खेड्यातून येणारे निम्मे तरी विद्यार्थी आहेत. आपल्यापैकी अनेकांची घरे याच चार-पाच वर्षांत पडली किंवा पडणार आहेत. त्यांना कोणतीही यादी लागू होणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी शिंप्याकडून फीत मागून आणली आणि आमचे घर मोजले. ओटी साडेसात हात, माजघर नऊ, स्वयंपाकघराची खिडकी एक वीत चार बोटे. आजी शेजारी उभी राहून मापे सांगत होती आणि मी लिहीत होते. मधेच ती म्हणाली, “ही खिडकी मीच फोडून घेतली हो. धूर जाईना म्हणून. ते घरी नव्हते, विचारायला कोण?”

ते वाक्यही मी आराखड्यात, खिडकीच्या बाजूला, तारखेसह लिहून ठेवले आहे.